वाडेकरांची झोप

अर्जुनी नावाची तालुक्याची गावं आमच्या गोंदिया जिल्ह्यात दोन आहेत. एक आमची सडक अर्जुनी, दुसरी मोरगाव अर्जुनी. आमच्या अंगावरून मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा महामार्ग जातो, म्हणून आम्ही सडकवाले. त्यांच्याकडून गोंदिया-चंद्रपूर रेल्वे जाते. म्हणजे ट्रकचे भोंगे आमच्या वाट्याला आणि इंजिनाच्या शिट्या त्यांच्या. मधल्या भागात नवेगावबांधचं जंगल. त्या जंगलात बिबटे आहेत, अस्वलं आहेत, आणि रात्रीच्या वेळी एका अर्जुनीहून दुसऱ्या अर्जुनीला जायला वाहन शोधणारे आमचे पाहुणे आहेत.

पाहुण्यांचे प्रकार दोन. पहिला प्रकार विचारत विचारत येतो आणि वेळेवर पाटावर बसतो. दुसऱ्याला सगळं ठाऊक असतं. "अर्जुनीच ना? येतो बरोबर!" म्हणून तो फोन ठेवतो आणि रात्री नऊ वाजता भलत्याच अर्जुनीच्या फलाटावरून विचारतो, "अहो, तुमची बँक कुठं आहे? इथे कुणी सांगेना." माझे थोरले मेहुणे या दुसऱ्या पंथाचे. रात्री साडेअकराला कुणाच्या तरी मेटॅडोरमधून, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून ते आमच्या दारात उतरले. मला वाटलं, आता हे जरा ओशाळतील. त्यांनी कपड्यांवरची पिसं झटकली, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गावाचं नावच चुकीचं आहे."

हे मुद्दाम सांगितलं. कारण अपयश माणसाला नम्र करतं, असा सुविचार मी शाळेच्या फळ्यावर अनेकदा वाचलेला आहे, आणि तो मेहुण्यांना लागू पडत नाही. मेहुण्यांनाच कशाला? काउंटरच्या अलीकडे बसून वीस वर्षं मी माणसांचं यशापयश पासबुकात छापतो आहे. अपयश आल्यावर माणसं साधारणपणे दोन गोष्टी शिकतात असं माझं निरीक्षण आहे. एक, दोष दुसऱ्याचा होता. दोन, पुढच्या खेपेला आधी कुणाला सांगायचं नाही. यात नम्रता कुठे आली? नम्रता म्हणून जी दिसते ती पुष्कळदा फक्त पाठदुखी असते. वाकून चालणं दोन्हींत सारखंच.

मी बँकेत क्लार्क आहे. म्हणजे आता आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, कस्टमर असोसिएट म्हणतात. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली आणि तिचा मोडका हातही तोच राहिला. बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नव्हतं, तेव्हा नैतिक प्रश्न पडला की मी तो बँकेच्या नियमांत बसवून बघतो. आमच्याकडे चेक टाकला की खात्यावर रक्कम दिसते, पण काढता येत नाही; ती न वटलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, "चेक तं टाकला ना साहेब, मंग पैसे काऊन नाही?" मी सांगतो, "टाकला म्हणजे वटला नाही." तेव्हा बरीच वर्षं माझी व्याख्या अशी होती की, वटलेल्या पैशावर खर्च करणं हा आत्मविश्वास आणि न वटलेल्या चेकवर मुलीचं लग्न ठरवणं हा अतिआत्मविश्वास. व्याख्या सुटसुटीत होती. मला ती इतकी आवडायची की एक-दोनदा मी ती स्टाफच्या निरोप समारंभात वापरलीसुद्धा. तिला भोक पाडलं ते आमच्या एका पेन्शनर गुरुजींनी.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. २०२० च्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. तोंडाला मास्क, हातात कापडी पिशवी. सरकारला गुरुजी जिवंत आहेत हे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, अंगठ्यावरून कळायचं. आणि उभा जन्म खडू धरून धरून गुरुजींच्या अंगठ्याच्या रेषा पार पुसल्या आहेत. मशीन दर वर्षी तीन-चार वेळा त्यांना मृत ठरवतं आणि मग नाइलाजानं कबूल करतं. या मधल्या वेळात, म्हणजे सरकारी दृष्टीनं ते ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत असताना, गुरुजी क्रिकेटवर बोलतात.

"अजित वाडेकर तुमच्या बँकेचेच ना जी?"

"ते स्टेट बँकेत होते गुरुजी. आमची वेगळी."

"बँक ते बँक," गुरुजी म्हणाले. "मंग त्यायच्या झोपेची गोष्ट तुमाले माहीत असन."

मला माहीत नव्हती, असं म्हणता येणार नाही. तुकड्यातुकड्यांनी वाचली होती. पण गुरुजींनी ती ज्या खेड्यात, ज्या बापाच्या ट्रान्झिस्टरला कान लावून जगली होती, तिथून ऐकण्यात मौज वेगळी. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. गुरुजी पंधरा-सोळा वर्षांचे. साल १९७१.

त्या वर्षी वाडेकर कर्णधार झाले तेच मुळी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं. म्हणजे पतौडींसारखा नवाब बाजूला आणि एका मताच्या काठावरून आलेला बँकेचा नोकरदार माणूस पुढे. हा माणूस संघ घेऊन वेस्ट इंडिजला गेला आणि मालिका १-० अशी जिंकून आला. सुनील गावसकरनं पदार्पणाच्या त्या मालिकेत ७७४ धावा केल्या आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. मग संघ इंग्लंडला गेला. शेवटची कसोटी ओव्हलवर. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं आणि जिंकायला १७३ धावा हव्यात अशी वेळ आली. इंग्लंडात तोवर आपण एकही कसोटी जिंकलेली नव्हती. ७७४ वाला गावसकर शून्यावर गेला. शेवटच्या दिवसाची सकाळ उजाडली तेव्हा धावफलक होता २ बाद ७६ आणि वाडेकर ४५ वर खेळत होते. तारीख २४ ऑगस्ट, दिवस गणेश चतुर्थीचा. आपल्या हौशी मंडळींनी त्या सामन्यात चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानावर आणून फिरवली होती. विघ्नहर्त्याची सोय झाली म्हणायची! तर अशा त्या मंगल दिवशी, खेळ सुरू होतो न होतो तोच, कालच्या ४५ मध्ये एकाचीही भर न घालता आमचे कर्णधार धावबाद.

धावबाद झालेला माणूस कसा असतो हे आपण पाहिलेलं आहे. तो बॅट आपटतो, समोरच्याकडे डोळे वटारतो, मग बाल्कनीत पॅड न काढता नखं कुरतडत बसतो. वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये आले आणि झोपले. सत्त्याण्णव धावा बाकी, समोर अंडरवूड, देशाचा श्वास अडकलेला, आणि कर्णधार झोपलेले. पुढे सरदेसाई-विश्वनाथांनी मुंग्यांच्या चालीनं धावा गोळा केल्या, इंजिनियर उभा राहिला, विश्वनाथ अगदी दारात बाद झाला, आबिद अलीनं चौकार मारला आणि आपण ४ गडी राखून जिंकलो. वाडेकरांना ही बातमी सांगायला त्यांना उठवावं लागलं. उठवलं कुणी, तर इंग्लंडच्याच केन बॅरिंग्टननं!

गोष्ट इथवर आणून गुरुजींनी मशीनवर पुन्हा अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता सांगा साहेब, ही झोप तुमी कोनत्या खात्यात टाकता? विश्वासाच्या, का माजाच्या?"

पाहा, इथे माझी व्याख्या कोलमडली. चेक वटलेला नव्हता. सत्त्याण्णव धावांचा चेक होता आणि समोरची पार्टी बेभरवशाची. माझ्या नियमानं ही झोप सरळ सरळ अतिआत्मविश्वासाच्या खात्यावर नावे टाकायला हवी. पण आपण कुणीच ती तशी टाकत नाही. आपण म्हणतो, काय थंड डोक्याचा माणूस! का? तर आबिद अलीचा चौकार गेला म्हणून. तो गेला नसता, शेवटचे चार गडी दहा धावांत कापले गेले असते, तर हीच झोप, तेवढ्याच मिनिटांची, कदाचित तेवढंच घोरत घेतलेली, कुंभकर्णाच्या शेजारी नेऊन बसवली असती. "देश बुडत होता आणि कप्तान घोरत होता," असे अग्रलेख आले असते. म्हणजे विश्वास आणि माज यांतला फरक झोपणाऱ्यानं ठरवायचा नाही, आबिद अलीनं ठरवायचा! हा न्याय मला काही केल्या पटेना. कॅश मोजून झाल्यावर चूक शोधायची हे समजू शकतं. पण निकाल लागल्यावर त्या मापाचा दुर्गुण शोधायचा, हे कुठल्या हिशेबात बसतं?

आणि निकाल लागायला वाडेकरांच्या बाबतीत तीन वर्षं पुरली. मधे १९७२-७३ ला इंग्लंड इकडे आलं, तेही २-१ नं हरलं. लागोपाठ तीन मालिका. आता या आनंदाचं काय करायचं हे न सुचून इंदूरकरांनी सिमेंट-काँक्रीटची एक भली थोरली बॅट उभी केली होती, 'विजय बल्ला' म्हणून. खेळाडूंना पद्मश्री वगैरे मिळाल्या, मिरवणुका निघाल्या, ते ठीक. पण काँक्रीट? लाकडाची बॅटसुद्धा तुटते हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ती काँक्रीटची मागितली नव्हती. ती मागितली आपण, कधीही न वटणाऱ्या धावांवर.

१९७४ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६२९ धावा केल्या. आपण ३०२ केल्या. म्हणजे तशा वाईट नाहीत. फॉलोऑन मिळाला आणि २४ तारखेला, सोमवारी सकाळी, दुसऱ्या डावात आपला संघ ४२ धावांत संपला. सतरा षटकांत. ओल्डनं पाच घेतले, अर्नोल्डनं चार, आणि चंद्रशेखर जखमी असल्यामुळे दहाव्याची गरजच पडली नाही. या वेळी झोपायचं म्हटलं असतं तरी वाडेकरांना वेळ मिळाला नसता. नाबाद राहिला तो एकनाथ सोलकर, हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्याचा मुलगा, १८ धावांवर. बाकीच्या सगळ्यांचे मिळून, अवांतर धरून, चोवीस. एक डाव आणि २८५ धावांनी पराभव, मालिका ०-३.

मग जे व्हायचं ते झालं. वाडेकरांच्या मुंबईच्या घरावर दगड पडले. इंदूरची बॅट लोकांनी विद्रूप केली. आणि गावोगावच्या पारावर, पानठेल्यावर एकमुखानं निदान झालं की यांना माज आला होता. ओल्डचे चेंडू ढगाळ हवेत हातभर वळत होते वगैरे तपशील कुणाला नको होता. माज आला होता म्हटलं की समाधान कसं पुरतं होतं! हरणारा पापी ठरतो आणि बघणारा आपोआप पुण्यवान.

आमच्या बँकेत जामीनदार नावाचा एक दुर्दैवी प्राणी असतो. कर्ज दुसरा उचलतो, मोटरसायकल दुसरा फिरवतो, आणि हप्ते थकले की नोटीस याच्या घरी जाते. मला १९७४ साल हे तसं दिसतं. गर्वाचं कर्ज उचललं साठ कोटींनी, बॅट उभी केली त्यांनी, मिरवले ते. आणि थकल्यावर जप्ती नेली जामीनदार वाडेकरांच्या घरी. त्या गृहस्थानं कर्जावर सही केली होती का, हे कुणी तपासलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग वाडेकरांनी काय केलं? हे मात्र ऐकण्यासारखं आहे. ४२ नंतर तीन आठवडेही झाले नव्हते, १३ जुलै १९७४ ला लीड्सवर भारतानं आपल्या इतिहासातला पहिला एकदिवसीय सामना खेळला. पुरा दौरा मातीत गेलेला, मायदेशी काय वाट बघतं आहे याची कल्पना आलेली, आणि हा खेळही नवा. वाडेकर गेले आणि ६७ धावा करून आले. सामना हरलोच. पण ६७ त्या ६७. परत आल्यावर त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं, तेव्हा त्यांनी मैदान सोडलं आणि बँकेत लक्ष घातलं. दगड खाल्लेला माणूस सकाळी उठून बँकेत जातो, समोरच्या कागदावर सही करतो, चहा घेतो, यात नाट्य काही नाही, म्हणून त्यावर कुणी स्मारक बांधत नाही. मला विचाराल तर ओव्हलच्या झोपेपेक्षा ही उठण्याची कामगिरी अवघड. सोमवारी सकाळी बँकेत जाणं दगड न खातासुद्धा जड जातं, हे मी अनुभवानं सांगतो.

पुढे १९९३ मध्ये तेच वाडेकर संघाचे व्यवस्थापक असताना इंग्लंड इकडे येऊन ०-३ नं हरून गेलं. पुन्हा जयजयकार. आणि १३ मार्च १९९६ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत श्रीलंकेपुढे १ बाद ९८ वरून ८ बाद १२० झाले, तेव्हाही व्यवस्थापक तेच. स्टँडमध्ये जाळपोळ झाली, बाटल्या पडल्या, सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. जामीनदार पुन्हा तोच! बरं, इतक्या वर-खालीत या माणसाचा चेहरा काही फारसा बदललेला दिसत नाही. १९७१ चा फोटो आणि १९९६ चा शेजारी ठेवले तर केस कमी, एवढाच हिशेब लागतो.

गावाचं नाव अर्जुनी असताना अर्जुनाला वगळणं बरं नाही. त्यातून वाडेकरांनाही १९६७ चा अर्जुन पुरस्कार होता. आपल्याला अर्जुन म्हटलं की कुरुक्षेत्र आठवतं. महाभारताचं मौसलपर्व सहसा कुणी काढत नाही, कारण त्यात अर्जुन हरतो. आणि कुणाकडून? लाठ्या घेतलेल्या वाटमाऱ्यांकडून. यादवकुळ संपलं, कृष्ण गेला, द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन अर्जुन निघाला. वाटेत आभीरांची टोळी आडवी आली. अर्जुन हसला आणि म्हणाला, जिवाची आशा असेल तर मागे फिरा. ते फिरले नाहीत. गांडीव चढवायला गेला तर चढता चढेना, अस्त्रं आठवायला गेला तर आठवेनात, आणि अक्षय्य म्हणून ठरलेले बाण संपले. डोळ्यांदेखत स्त्रियांना पळवून नेलं. माणूस तोच, धनुष्य तेच. खचलेला अर्जुन व्यासांकडे गेला. मला त्या प्रसंगातले व्यास फार आवडतात. ते 'तुला गर्व झाला होता' असं म्हणत नाहीत. सुविचार सांगत नाहीत. तुमचं काम झालं, आता निघायची वेळ झाली, असा त्यांचा सूर आहे. एवढं मोठं अपयश समोर हात जोडून उभं असताना त्याला धडा न शिकवणं, हे व्यासांनाच जमावं. आमच्या रिजनल ऑफिसला नाही जमत.

हे मला इथे येऊन जास्त कळू लागलं, कारण हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात परे टाकायचे, मग चिखलात वाकून बांधीबांधीतून रोवणी, मग तुडतुड्याची भीती, आणि ऑक्टोबरात हलका धान कापून कडपा शेतात वाळत घातल्या की आभाळाकडे बघत बसायचं. त्या आठवड्यात पाऊस आला की संपलं; कडपा पाण्यात, लोंबीला कोंब. मग आमच्यासारखे पगारी लोक पंख्याखाली बसून म्हणतात, जरा थांबून कापायचं ना, मोबाइलवर हवामान दिसतं. म्हणजे इथेही आम्ही अतिआत्मविश्वास शोधून काढतोच! थांबला असता तर दाणा शेतात झडला असता आणि आम्ही म्हणालो असतो, आळशी आहेत. अशाच एका ओल्या ऑक्टोबरानंतर एक शेतकरी पीककर्जाचं विचारायला आला होता. मी सहानुभूतीचं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तो शांतपणे म्हणाला, "पान्याले काय ठाऊक जी, कडपा कोनाचा हाय तं." आता या माणसाला कोणता धडा द्यायचा? नम्रता? ती त्याच्याकडे माझ्यापेक्षा दोन पोती जास्त होती. त्यानं फॉर्म नेला, आणि जाताना मला गावच्या मंडईचं आवतण देऊन गेला. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक होतं. कडपा भिजल्या म्हणून नाटक रद्द होत नाही. मी गेलो होतो. तो पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसला होता आणि खलनायकाला मोठमोठ्यानं शिव्या देत होता. पहाटे तीनला त्याला तिथेच झोप लागली. ही झोप कोणत्या खात्यात टाकायची हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, एवढं खरं. आपल्या वाटणीचं करून झालेल्या माणसाची झोप ती, वाडेकरांच्याच जातीची. पंचेचाळीस करून झाले होते. बाकीचे आबिद अलीकडे.

गुरुजींचा अंगठा त्या नोव्हेंबरात पाचव्या खेपेला उमटला. पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबर २०२० ला, शनिवारी, ॲडिलेडवर आपला संघ ३६ धावांत संपला. एकाही फलंदाजाला दोन आकडे गाठता आले नाहीत. सोमवारी बँक उघडते तोच गुरुजी काउंटरवर हजर. त्यांचं काही काम नव्हतं. मास्कच्या वर डोळे चमकत होते.

"वाडेकर सुटले जी!" ते म्हणाले.

शेहेचाळीस वर्षं नीचांकाचं ते खातं वाडेकरांच्या नावावर चालू होतं. ते बंद झालेलं बघायला वाडेकर नव्हते. १५ ऑगस्ट २०१८ ला ते गेले. पण गुरुजींच्या आवाजात जी सुटका होती ती घरच्या माणसाचं कर्ज फिटल्याची होती. मी म्हटलं, "गुरुजी, देश छत्तीसला संपला आणि तुम्ही खूश?" ते म्हणाले, "देशाचं काय, देश खेळनच पुन्हा."

आणि देश खेळला. कर्णधार विराट कोहली रजेवर परतला आणि सूत्रं आली अजिंक्य रहाणेकडे. बेचाळीसचे ते अजित, छत्तीसनंतरचा हा अजिंक्य. दोन्ही नावांचा अर्थ एकच, न जिंकला जाणारा. अशी नावं ठेवणाऱ्या आईबापांना दैवाची गंमत काय कळणार! मेलबर्नला रहाणेनं ११२ केल्या आणि बाद झाला तो, वाडेकरांसारखाच, धावबाद. कसोटी आपण जिंकली. सिडनी अनिर्णित. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती, तिथे ३२८ चा पाठलाग करून तीन गडी राखून सामना आणि २-१ नं मालिका. ॲडिलेडच्या छत्तीसला बरोबर एक महिना झाला होता.

मग काय, काँक्रीट आलंच. आपण कुठेही हरू शकत नाही, आणि घरी तर नाहीच, असं आपण पुन्हा ठरवून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूला, आपल्याच मैदानावर, न्यूझीलंडनं आपल्याला ४६ वर उडवलं आणि ती मालिका ३-० नं नेली. ३६, ४२, ४६. लॉटरीच्या तिकिटासारखे हे आकडे गुरुजींना आता पाठ आहेत.

पण केकचं सांगायचं राहिलं. गॅबा जिंकून रहाणे मुंबईला घरी आला तेव्हा माटुंग्याच्या त्याच्या शेजाऱ्यांनी ढोलताशे लावून स्वागत केलं, आणि एक केक आणला. केकवर कांगारू बसवलेला. म्हणजे कापायचा कुणाला ते उघड होतं. रहाणेनं तो कापायला नकार दिला. कांगारू हे त्यांचं राष्ट्रीय प्रतीक, समोरच्याचा मान राखला पाहिजे, असं त्यानं नंतर सांगितलं. महिन्याभरापूर्वी ज्यांनी आपल्याला छत्तीसवर काढलं, त्यांचा हा केकवरचा कांगारू!

फेब्रुवारीच्या पेन्शनीला गुरुजी आले तेव्हा मी त्यांना ही बातमी वाचून दाखवली. त्यांनी मान डोलवली. पासबुकातल्या नोंदी चष्मा वर करून तपासल्या. मग इकडेतिकडे बघून, काउंटरवर जरा वाकून, हळूच म्हणाले,

"पन साहेब, खरं सांगा. आपुन असतो तं कापला असता ना?"

"कापला असता गुरुजी."

"शेपटीपासून," गुरुजी म्हणाले, आणि पासबुक पिशवीत टाकून चालू लागले.